एक ब्याऐंशी

मे महिन्यात मानकापूरला
पहाटे साडेपाचला स्टँड उभे करायचे
अन् आठच्या आत आवरायचं.
नंतर पट्टी हातात धरवत नाही.

पोरी विचारतात, मॅडम, किती देश फिरल्या?
मी बोटं मोजते. बुसान, अल्माटी, दोहा,
कोलंबो दोनदा.
अन् आठवतात नुसती आभाळं.
आमच्या खेळात पट्टीकडे पाठ करून जावं लागतं,
गादीवर पडल्यावर वर जे दिसेल
तेवढाच तो देश.
दोह्याचं रात्रीचं, दिव्यांनी पांढरंफटक,
अल्माटीच्या कडेला बर्फाचा डोंगर.
बुसानला छत होतं.

पहिली गादी मोमिनपुऱ्याच्या शफीकचाचांनी भरली,
जुना कापूस, खाली भुशाची पोती.
म्हणाले, कापूस बसतो पोरी, ऊन दाखवत जा.
ऊन काय, नागपुरात मागावं लागत नाही.
पट्टी म्हणजे आईची कपडे वाळवायची काठी,
पाचपावलीच्या अंगणात दोन स्टुलांवर.
तिच्यावर कधी कधी लुगडंही असायचं.
"काहून पाडून राहिली वं!" आई ओरडायची,
अन् पाठीत धपाटा.

अल्माटीहून फोन केला, शेजारच्या तिरपुडे काकूंकडे.
आई धावत आली, धाप ऐकू येत होती.
एक ब्याऐंशी, म्हटलं, तिसऱ्या प्रयत्नात.
"मंग? पडली का काठी?"
पडली. एक पंच्याऐंशीला, तिन्ही वेळा.
"म्हंजे हारली."
नाही आई, तिसरी आली. मेडल आहे.
"काठी पाडून?"
सगळ्याच पाडतात गं. पहिली आली तिनंही
शेवटी पाडलीच. पाडल्याशिवाय संपतच नाही.
मिनिटाला किती पैसे पडत होते कोणास ठाऊक,
आई गप्प.
मग हळूच म्हणाली,
"मंग मी तुले फुकटच झोडपलं न वं."

डावा घोटा दोह्यात गेला.
रेल्वेने टेबल दिलं, तिसऱ्या मजल्यावर.
जिना चढताना एकेक पायरी
सतरा सेंटिमीटर, मी मोजली आहे.
घरी जाताना झिरो माइलचा खांब लागतो.
चांदा, रायपूर, शिवनी, छिंदवाडा,
सगळी अंतरं दगडात कोरलेली.
अल्माटी त्यात नाही. मी तरी
सिग्नलला थांबले की एकदा बघून घेते.

आज देवलापारची चंद्रकला उईके,
चौदा वर्षांची, पायात उसने स्पाइक,
एक अठ्ठेचाळीसवरून गेली.
टाच लागली. पट्टी खुंट्यांवर
थरथरत राहिली.
ती गादीवर पाठ टेकून, डोळे मिटून विचारते,
मॅडम, पडली का?

मी सांगत नाही लगेच.
डोळे उघड, म्हणते. आधी वर बघ.
घारी आहेत दोन. बाकी काही नाही.

सात वाजून चाळीस मिनिटं.
पट्टी तापायला लागली आहे.