मूल्य: शून्य

त्रोम्सोहून एइनारनं पाठवलेलं पाकीट.
कस्टमच्या कागदावर:
लोकरी मफलर, एक. वापरलेला. मूल्य: शून्य.
आत चिठ्ठी: धुऊ नकोस.

हिरवा-पांढरा. एका टोकाला मेणाचा डाग,
दुसरं उसवलेलं, ते लिमात कुणीतरी
पिवळ्या दोऱ्यानं घाईघाईत टाचलंय.

क्लब वेल्समधला. मैदानाच्या एकाच बाजूला छप्पर.
आम्ही कुणीच तिथं गेलेलो नाही.

नारिकालाच्या किल्ल्यापाशी फोटो काढायचा होता.
धुक्यानं किल्ला गिळला, अर्धी तिबिलिसीही.
मग बाबांच्याच गळ्यात घातला,
बसथांब्यावर, त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी.

“कोण जिंकलं?”
“हरलो. चार-शून्य.”
त्यांनी टोपी काढली, केस सारखे केले,
जुडी पाठीमागे लपवली.
“मग नीट काढ.”

पोस्टात त्सिसानानं तराजूवर ठेवला:
मागच्या पावतीपेक्षा अकरा ग्रॅम जास्त.
“आत आणखी काही घातलंय?”
नाही म्हटलं.

मूल्याच्या रकान्याशी पेन जरा अडलं.
काचेपलीकडे धुकं उठत होतं,
आणि बाबा अजून थांब्यावरच,
उघड्या गळ्याशी हात धरून,
बस सोडून देत.