अर्धा कप

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
ऑस्मोच्या हासळीच्या हाडाखाली
मी यंत्र टेकवते, आकडा वाचते.
तीन पूर्णांक एक.
हात टेबलावर पडलेला,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

तीन पूर्णांक एकवर तो हसतो.
माझ्या बुटांना हसतो,
खाली बर्फ लोटणाऱ्या गाडीला हसतो.
गेल्या महिन्यात त्यानं बोट देऊन टाकली
पेट्रोल पंपावरच्या पोराला,
ज्याचं नाव त्याला ठाऊक नाही.
भावाला पुरून आल्यावर तो सगळ्यांना विचारत होता,
सूप कुणी केलंय, झकास झालंय.

"पण हात बघा ना," म्हणतो
आणि घड्याळाचा केसाएवढा स्क्रू
चिमट्यात उचलून दाखवतो.
चाळीस वर्षं ह्याच हातांवर घर चाललं.

मी आकडा उतरवते. दोन पूर्णांक चार.
आधी अंगठा सुरू होतो, मग पंजा,
चेहरा सगळ्यांत शेवटी येतो
आणि येताना मेलेल्या भावाला घेऊन येतो.
"त्याचं ऐकू नका," तो म्हणतो.
त्याचं म्हणजे कुणाचं, मी विचारत नाही.

फॉर्मवर सहीला रेघ एकच.
वर असताना त्यानं लिहिलं : इथंच ठेवा.
अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं.
खाली असताना लिहिलं : खालीच ठेवा.
शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळाली तसं.
वकीलबाई म्हणाल्या, वाचता येते ती धरा.
बँकेतल्या जुन्या सहीशी
दोन्ही जुळत नाहीत.

"तुम्ही सांगा," मी हिल्क्काला म्हटलं.
ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
"मी लग्न केलं तो ह्या दोघांच्या आधीचा.
चिडका होता. काम करताना शीळ घालायचा."
मग खूप वेळानं, माझ्याकडे न बघता :
"मला नका विचारू.
मला हा हसणारा आवडायला लागलाय."

माझ्या बोटाखाली दोन बाण आहेत.
आम्हाला शिकवलं होतं, रुग्णाला काय हवं ते विचारा.
कुठला रुग्ण उत्तर देणार
ते आकडा ठरवतो,
आणि आकडा मी.

सोमवारपर्यंत तीन पूर्णांक एक, मी नोंद केली.
पेन माझ्या हातात जरा हललं.

हिल्क्कानं कॉफी ओतली,
सांडू नये म्हणून अर्धाच कप,
सवयीनं.
ऑस्मोनं कप उचलला, थेंब हलला नाही.
आत डोकावून हसला,
"उरलेली कुणासाठी ठेवलीस?"