सूची

सोहारच्या आमच्या आरोग्य केंद्रात रंगीत प्रिंटर आहे,
शाई नाही.
बंदरावर अडकलीय, असं मार्चपासून ऐकते.

म्हणून हमूद अल-बलुशी म्हणाले, काळ्यातच काढा,
एका पानावर दोन्ही उन्हाळे:
कंत्राटदाराने दुपारची सुट्टी मानली नाही तो,
आणि मानली तो.

माझ्याकडे तीनशे अकरा माणसांची वजनं,
पाळीला जाताना, परत येताना.
मधला फरक म्हणजे घाम.
पाव किलोचा एकेक कप्पा पाडायचा
आणि त्यात माणसं रचत जायची, एकावर एक.
शाळेत याला आयतालेख म्हणायचो.

आधी पडद्यावर लाल आणि निळा घेऊन पाहिला.
पारदर्शकता अर्ध्यावर आणली
तर एकमेकांवर पडले तिथे जांभळा उमटला.
हमूदनी नेमकं तिथेच बोट ठेवलं:
हे तिसरे लोक कोण?
तिसरे कुणी नाहीत हो,
तेच आहेत.

छापला तर सगळाच करडा.
पहिला उन्हाळा दुसऱ्याच्या पाठीमागे गडप.

तेव्हा आठवल्या दाभाडकर बाई,
दहावीचा कोरा नकाशा, हातात एकच पेन.
रंगपेटी नाही म्हणून अडून बसायचं नाही,
काळी मृदा तिरक्या रेघांनी, जांभी ठिपक्यांनी,
आणि सूची नसेल तर गुण नाहीत.
अख्खा वर्ग रत्नागिरीवर ठिपके देत होता,
टक टक टक, बाकांवर गारा पडाव्यात तसा.

मग भराव बदलला.
पहिल्या उन्हाळ्याला डावीकडे कललेल्या रेघा,
दुसऱ्याला उजवीकडे,
मधली जागा रिकामी सोडली, कडा ठळक.
दोन्ही आले तिथे आपोआप जाळी झाली,
इथल्या किनाऱ्यावर उपडे टाकलेले
मासे धरायचे तारेचे सापळे असतात, तशी.
कुणी कुणाला झाकत नव्हतं.

त्या जाळीत येल्लय्या आहे, करीमनगरचा, भट्टीवरचा.
दोन्ही वर्षी दीड किलो.
सुट्टीत झोपतोस ना, मी विचारलं होतं.
सुट्टीत बसची वाट बघतो, म्हणाला.
कुठे?
बाहेर.

बाकी आलेख डावीकडे सरकलाय, हे खरं.
हमूद खूश होते, मीही होते थोडी.

पण उजव्या टोकाला, साडेतीन किलोच्या कप्प्यात
दुसऱ्या उन्हाळ्यातला एक जण उभा आहे, एकटाच.
खांब इतका बुटका
की त्यात एकच तिरकी रेघ मावली.
हमूदना वाटलं, प्रिंटरचा ओरखडा.
नखाने खरवडून पाहिला त्यांनी.

पान परत घेतलं,
सूचीत खाली हाताने एक ओळ वाढवली:
एक रेघ म्हणजे एक माणूस.

बाईंनी गुण कापले असते.
सूचीत असलं काही लिहायचं नसतं.