मांजराएवढी खिडकी

मोंतेविदेओत ऑगस्ट म्हणजे हाडांत शिरणारा गारठा,
आणि मी एकाहत्तरचा,
डाव्या गुडघ्यात हवामान खात्याची शाखा.
पिस्तूल नऊ वर्षांपूर्वीच जमा केलं, सही करून.
उरलं काय: एक टॉर्च,
येर्बाच्या कडू चहाचा थर्मास
आणि दाराकडे तोंड करून बसायची सवय.

विल्मार आला तो एकोणपन्नास किलोंचा, ओल्या बुटांनी.
सेन्योर बिदेगाइन, म्हणाला, हरायचे पैसे घेतले होते.
मग?
मग जिंकलो.
का?
घोडी ऐकेना.
पाव करपला म्हणावं इतक्या सहज.

पैसे देणारे कोण, मला ठाऊक होतं.
बंदरामागच्या गल्लीत त्यांनी मोडलेली बोटं मी पाहिली होती,
पंचनामाही माझ्याच अक्षरातला.

त्याला स्वयंपाकघरात ठेवलं.
पडदे ओढले, बल्ब काढले,
शेजारणीला सांगितलं, पुतण्या आहे, आजारी आहे.
आजारी पुतण्या रेडिओ लावून नाचला.
पडदा सारून खिडकीत सिगरेट ओढली,
समोरच्या करड्या गाडीला हात केला.
"त्यांनाही थंडी वाजत असेल."
हेरखात्यात चाळीस वर्षं मी मेलेल्यांची बाजू मांडली.
जिवंत माणूस इतका कटकटीचा असतो
हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री न्हाणीतून पाण्याचा आवाज येत राहिला.
येतच राहिला.
वरची खिडकी मी हिशेबात धरलीच नव्हती,
मांजराएवढी, म्हणून सोडून दिलेली.
टोपलीत पाच सफरचंदं होती.
आता चार.

त्याला धावणं म्हणावं का, ठाऊक नाही,
पण तबेल्यापर्यंत जे काही केलं ते केलं.

तो तिथेच.
सेनिसाच्या पोटाला पाठ लावून झोपलेला,
तिचं पांघरूण स्वतःच्या अंगावर.
सेनिसा म्हणजे राख. रंगही तसाच,
डोळा तेवढा न विझलेला.
त्याच्या तळहातावर सफरचंदाचं देठ.

उठवायला हवं होतं.
उठवलं नाही.
वाटलं, आपल्याही जन्मात
एखादं न ऐकणारं जनावर असायला हवं होतं.

मग गाडीचं दार. एक. दुसरं.
पावलं सावकाश, घाई नसलेल्या माणसांची.

माझ्याजवळ टॉर्च. आणि समोर अडतीस कड्या.
सदतीस काढल्या. अंधारात, चाचपत.
तिची तेवढी राहू दिली.
मग शिट्टी फुंकली,
निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहून गेलेली.

काय सांगू.
अंधाराला खूर फुटले.
वाफ, लाथा, फुटलेला हेडलाइट,
एकजण भिंतीवर चढला,
दुसऱ्याला भिंत सापडली नाही.
(त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला, नंतर पेपरात वाचलं.
मला वाईट वाटलं नाही,
आणि त्याचं थोडं वाटलं.)

दुपारपर्यंत घोडे सापडत राहिले:
एक शाळेच्या अंगणात,
दोन नदीकाठी, तपकिरी पाण्यात गुडघाभर,
कुणाची वाट बघत असल्यासारखे.

तोवर विल्मार रिवेराच्या बसमध्ये.
तिथे रस्ता ओलांडला की ब्राझील.
आभार वगैरे नाहीत. काचेमागून ओरडला,
"तिच्या अंगावर घाला काहीतरी! एवढ्या थंडीत!"
फी बुडाली ती बुडालीच.

आता दर गुरुवारी मी जातो.
सेनिसा तेव्हापासून एकही शर्यत जिंकलेली नाही,
मालक विकायच्या गोष्टी करतो.
ती सफरचंद घेते, मग माझं बोट चावते,
शहानिशा केल्यासारखं.

न्हाणीच्या खिडकीला गज बसवा,
गवंडी प्रत्येक वेळी सांगतो.
राहू दे, म्हणतो मी.
मांजर येतं कधीकधी.