पट्टी

शिवगोंडाकाका बंधाऱ्यावर पाण्याची पट्टी वाचायचे.
फोन यायचा, किती झालं?
मघाशी साडेएकोणचाळीस होतं, म्हणायचे,
आता बघून सांगतो.
समोरचा चिडायचा, आकडा सांगा की सरळ!
तोवर काकांचा एक पाय रबरी बुटात गेलेला असायचा.

लाट पट्टीवर चढते, उतरते,
खरं पाणी त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी.
ते थांबायचे. पाच लाटा, सात लाटा.
मग शिसपेन्सिलीनं लिहायचे.
त्या वहीला शाई कधी लागली नाही.

मच्छिंद्री झाली, असं गल्लीत कुणी ओरडलं
की आमचा टीव्ही माळ्यावर, शेगडी माळ्यावर, कोंबड्या माळ्यावर.
काका पुलाकडं.
कधी झालेली असायची, कधी नसायची.
नसली तर हसायचे नाहीत,
असली तर आमच्या गाद्या उचलायला तेच पहिले.
अविश्वास घरात बसून असतो, त्याला छत्री लागत नाही.
शंका भिजते.

महापुराच्या पुढच्या वर्षी
सुतारवाड्यातल्या आमच्या भिंतीवर पेंटरनं निळी रेघ मारली,
आईनं हात वर करून दाखवली तिथं.
इथवर पाणी होतं.
येईल त्या पाहुण्याला आई ती दाखवायची.
काकांनी रेघेकडं बघत चहा संपवला,
आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन आले.
वहिनी, कपाट जरा सरकवू?

कपाटामागं रंग द्यायचा राहिला होता.
तिथं गाळाची तपकिरी कड,
निळ्या रेघेच्या चांगली वीतभर खाली.

आई म्हणाली, आमचं सगळं गेलं
आणि तुम्ही त्याला फूटपट्टी लावताय?
काका काही बोलले नाहीत.
नळीतलं पाणी मोरीत सोडलं, बूट घातले, गेले.
मला राग आला होता.
आईचा की त्यांचा,
अजून नक्की सांगता येत नाही.

रात्री बॅटरीच्या उजेडानं जाग आली.
आई कपाटामागं उभी,
बोटानं ती कड चाचपत कोपऱ्यापर्यंत गेलेली.
कोपऱ्यात वरच्या फळीवर दादांची ट्रंक.
वर्षभर आम्ही ती उघडली नव्हती.
कुजलेलंच असणार, बघायचं कशाला.

निळी रेघ फळीच्या वर.
तपकिरी, खाली.

स्टूल आण, आई म्हणाली,
आवाज अगदी बारीक,
बघूया तरी.