जोडवी

अल खुदच्या प्रयोगशाळेत रात्री आम्ही दोघीच,
मी आणि झुवैना.
तिच्या थर्मासमध्ये वेलदोड्याचा कहवा, माझ्या डब्यात चटणी-पोळी.
आत एसी एवढा की स्वेटर घालून काम,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.

भिंगाखाली उंदराच्या गर्भाचा पंजा,
साडेतेरा दिवसांचा.
पंजा कसला, वल्हंच अजून.
पाच दांड्या आणि त्यांच्यामध्ये दाटून राहिलेलं मांस.
त्या मधल्या जागेतच आमचा रंग चढलाय, तपकिरी,
चहा सांडून वाळावा तसा.
म्हणजे तिथे कॅस्पेस जागं झालंय.

नाव परक्याचं, पण राहतं घरातच.
पेशी जन्मली तेव्हापासून तिच्या पोटात,
म्यानातल्या कात्रीसारखं. गंज नाही, घाई नाही.
मग कुठूनसा निरोप येतो,
ऊर्जेच्या कोठारातून एक प्रथिन ठिबकतं,
एक कात्री दुसरीचं म्यान कापते,
दुसरी तिसरीचं.
आंधळं नाही हं हे कापणं.
साखळीत ॲस्पार्टेट दिसलं की त्याच्या पुढेच चीर,
इतरत्र हात लावायचा नाही.
इस्लामपूरच्या आमच्या शिंपीणकाकू अशाच कापायच्या,
खडूची रेघ ओलांडली तर
स्वतःच्याच मनगटावर चापट.

पेशी फुटत नाही. आकसते.
आतलं अस्तर उलटून बाहेर काढते,
दाराला खूण लावावी तसं : घेऊन जा.
मग लहान लहान गाठोडी, आणि शेजारणी येऊन
ती गिळून टाकतात.

गेल्या गुरुवारी आमच्या रुवीच्या इमारतीतले
समोरचे बेबीकुट्टी गेले.
एकवीस वर्षं. कंपनीचं पत्र एप्रिलमध्ये आलं होतं,
आम्हाला कळलं जूनमध्ये.
फ्रिज बाहेर, गादी बाहेर, कार्गोची नऊ खोकी,
प्रत्येकावर मार्करने गाव आणि पिनकोड.
गादी खालच्या नेपाळी मुलांनी नेली, इस्त्री मी घेतली.
दोन दिवसांत उंबरा पुसलेला.
जिन्यात सूज नाही.

मी म्हटलं, झुवैना, अगदी अश्शीच.
ती म्हणाली, नको.
पेशीला परत जायला गाव नसतं.

बराच वेळ फक्त फ्रीजरची घरघर.

मग मी बूट काढला, मोजा काढला.
डाव्या पायाचं दुसरं-तिसरं बोट, एकमेकांना जोडलेलं.
इथे कुणी मेलं नाही.
निरोप पोचला नाही, किंवा पोचला
आणि कुणी मनावर घेतला नाही.
लग्नात सोनाराने विचारलं होतं, जोडवं घालू कुठे?
बोटं तर आधीच जोडलेली.
शेवटी दोन्हींना मिळून एक मोठं घडवलं,
चालताना कटकट वाजायचं.
बेचाळीस वर्षं या कातडीच्या पडद्यात
जायला हव्या होत्या त्यांच्या लेकी-नाती
सुखाने नांदताहेत.

झुवैना हसली. दिव्याखाली तिने पंजा पसरला,
मेंदीची बोटं, आणि मधल्या चार रिकाम्या जागांतून
टेबलावर पडलेला उजेड.
मग त्याच बोटांनी तिने कहवा ओतला.

मी पुढची काच लावली.
घरी इस्त्री अजून तशीच आहे,
बेबीकुट्टींनी गुंडाळलेली वायर
मी सोडलेली नाही.