दीड इंच डावीकडे

परभणीहून तौफीक आला तेव्हा
सेलूत बेचाळीस डिग्री होती
आणि खुर्ची अजून प्लास्टिकात.
त्यानं टेप काढला.
मी म्हटलं, थांब,
हा सुताराचा. माणसाला लोखंडी टेप लावत नसतात.
दैवशालानं माझा जुना पिवळा आणला,
एका टोकाला अजून खडू.

बावीस वर्षं मी गावाची मापं घेतली.
कुणाचा खांदा उतरता, कुणाच्या पाठीला पोक,
कुणाला तिसरा महिना आणि घरात सांगायचं नाही,
टेपला कळायचं, मला कळायचं, तोंड शिवलेलं.
आता मी बसलेली,
आणि तो मान दुसरीकडे करून
माझ्या मांड्यांची रुंदी मोजतोय.
सोळा, म्हणाला. मी म्हटलं, साडेपंधरा.
शालीपुरतं बोटभर सैल ठेव, जास्त नको.
सैल ब्लाउज आणि सैल खुर्ची,
दोन्हीत बाई कलंडते.

तशा दुसऱ्याही होत्या.
एक लाल, डोंगर चढणारी. सेलूत डोंगर कुठला?
एक मागच्या चाकांवर जोर असलेली,
वळायला अख्खं अंगण मागणारी.
मी मधल्या चाकांची घेतली,
जागच्या जागी फिरते, जात्यासारखी.
व्यंकटदादा म्हणाला, काळ्या रानात फसंल की ही.
फसू दे.
मला जायचंय ते मशीन आणि खिडकीच्या मधल्या बोळात.

मग दांडी.
उजवीकडे लावून आणलेली, सगळ्यांना तशीच लावतात.
माझा उजवा हात शोभेचा.
डाव्याची दोन बोटं तेवढी कामाची,
तीही दुपार कलली की थरथरतात.
दीड इंच डावीकडे. आता पुढं. एवढं नाही.
कोपर टेकलं पाहिजे रे,
लोंबकळत्या कोपरानं साधं काजही होत नाही.
वरची गुळगुळीत गोटी घामानं निसटायची,
तिच्यावर दैवशालानं शोल्डर पॅड शिवला,
पेटीत उरलेला, कुणाच्या तरी लग्नाचा.

तौफीकनं वायर जोडली, मोबाइलवर आकडे आले.
मावशी, थरथर गाळता येते,
बारीक हललेलं खुर्ची ऐकणारच नाही.
पुरी गाळ, व्यंकटदादा म्हणाला,
अन् स्पीड ठेव कासवावानी.
पुरी गाळली.
दांडी हलवली. काही नाही.
अजून हलवली. काही नाही.
मग एकदम झेप, आणि रांजण.

ओल्या फरशीकडं बघत मी म्हटलं, बाबा,
एवढी थरथर गाळलीस
तर तिच्यासंगं मीबी गाळली जायलेय.
आता माझ्यात थरथर किती अन् मी किती
मलाच नीट ठाऊक नाही.
थोडी राहू दे.

टाक्याचं टेन्शन असंच बसतं.
पाव फेरा. चिंधीवर शिवून बघायचं. परत पाव फेरा.
सरळ जाताना जोर, वळताना सावकाश,
थांबताना झटका नको, मान पुढं पडते.
तीनदा लाइट गेली. खुर्चीला काही नाही, पंख्याला फरक पडला.
तौफीकचा शर्ट पाठीला चिकटला, पण तो चिडला नाही.
त्याच्या बाहीची शिलाई उसवलेली,
मी पाहून ठेवली.

पाचच्या सुमाराला परतूरचे भाऊजी आले.
चहा ओतला बशीत आणि सुरू झाले,
काय बाई होती, काय हात होता,
देव बी कुणाला काय दाखवल...
आठ वर्षं हे असंच ऐकलेलं,
कारण जिकडं करून ठेवतील तिकडं माझं तोंड.

कोपर टेकलेलं. दोन बोटं.
खुर्ची फिरली,
मशीनला नाही, चौकटीला नाही, रांजणाच्या खापरालाही नाही,
कशालाच न लागता फिरली,
आणि थांबली.

समोर खिडकी. पलीकडं जिनिंगच्या पत्र्याला
गेल्या हंगामातला कापूस अडकलेला.
मागं भाऊजींचं वाक्य अर्धं.
तौफीक हळूच म्हणाला,
मावशी, आकडा हाच ठेवू?

हाच.